जुने ऑटोमॅटिक रेकॉर्ड चेंजर: दोष यंत्राचा किती आणि सुईचा किती?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी,

जुन्या रेकॉर्डच्या नादी लागलेल्या कुणासमोरही चेंजरचं नाव काढा, तो नाक मुरडतो. "रेकॉर्ड खातो", "एकीवर एक आपटतो", "सुई घासत नेतो". आपल्या खानदेशातही तेच. भंगारवाल्यापासून हौशी संग्राहकापर्यंत सगळे रेडिओग्रामचं (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या पेटीचं) झाकण उघडतात आणि आत उंच दांडी दिसली की भाव पाडतात. जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या वाड्यांतले कितीतरी चांगले चेंजर असेच किलोवर गेले. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ही बदनामी सरसकट खरी नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी चेंजर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मधल्या उंच दांडीवर सहा-आठ रेकॉर्ड चढवून ठेवायच्या. बटण दाबलं की सगळ्यात खालची थाळीवर पडते, टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, आपोआप येऊन तिच्या कडेवर टेकतो. रेकॉर्ड संपली की तो उचलला जातो, बाजूला सरकतो, पुढची पडते. शेवटची वाजली की यंत्र स्वतःच बंद होतं. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या) जमान्यात हे किती मोठं सुख होतं, ते दर तीन मिनिटांनी रेकॉर्ड बदलायला उठणाऱ्यालाच विचारावं.

कल्पनाही बरीच जुनी. टास्मानियातल्या होबार्टच्या एरिक वॉटरवर्थने १९२५च्या सुमारास असा चेंजर बनवला. १९२७मध्ये अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने ऑटोमॅटिक ग्रामोफोन बाजारात आणला. पुढे केपहार्टने रेकॉर्ड उलटी करून दुसरी बाजूही वाजवणारं यंत्र काढलं, अर्थात धनिकांच्या दिवाणखान्यासाठी. शेलॅकची (लाखेची) रेकॉर्ड जड आणि ठिसूळ, आणि ही यंत्रं ती उचलणार, ढकलणार, पाडणार. काही फुटायच्याच. बदनामीची सुरुवात तिथली. १९४८ला कोलंबिया कंपनीची एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची) आली आणि १९४९ला आरसीए कंपनीची ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड. आरसीएने ४५चं भोक जवळजवळ दीड इंचाचं ठेवलं ते मुळात चेंजरसाठीच, बदलण्याची यंत्रणा त्या जाड दांडीतच मावावी म्हणून. म्हणजे तोवर चेंजर ही उपरी सोय राहिली नव्हती, रेकॉर्डच त्याच्या मापाने घडत होती.

आपल्याकडच्या रेडिओग्राममध्ये जे सापडतं ते बहुतेक १९५० ते १९७०च्या दरम्यानचं. इंग्लंडचे गॅरार्ड, बीएसआर, कोलारो. जर्मनीचे ड्युअल, पर्पेटुम-एब्नर, एलाक. यांतले सगळे एका तराजूत घालणं हीच पहिली चूक. बीएसआर हे बर्मिंगहॅमजवळचं यंत्र, स्वस्त प्लेअरमध्ये बसवण्यासाठी प्रचंड संख्येने बनलेलं. पत्र्याची हलकी थाळी, सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीची वीज करणारा भाग), सुईवर पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजन. ते यंत्र म्हणून वाईट होतं असं मी म्हणणार नाही. इतक्या थोड्या भागांत एवढं काम करणारी रचना करायला डोकं लागतं. पण त्याच्याकडून हाय-फायची अपेक्षा करू नये.

दुसऱ्या टोकाला ड्युअल १०१९ किंवा १२१९ बघा. तीन किलोच्या वरची थाळी, व्यवस्थित तोललेला टोनआर्म, दीड ग्रॅमवर सहज चालणारं मॅग्नेटिक कार्ट्रिज. १२१९मध्ये तर एक खटका आहे: एकच रेकॉर्ड वाजवायची की थप्पी, त्याप्रमाणे टोनआर्मचा पायाच वर-खाली होतो, म्हणजे सुईचा कोन बरोबर राहतो. एलाकच्या मिराकॉर्ड ५०एचमध्ये पाप्स्ट कंपनीची, पक्का वेग धरणारी सिंक्रोनस मोटर आहे. गॅरार्डने १९६०मध्ये टाइप ए काढला आणि त्याला चेंजर न म्हणता 'ऑटोमॅटिक टर्नटेबल' म्हणून विकला. चेंजर या नावाला तेव्हाच किती डाग लागला होता ते यावरून कळतं. १९६४चा त्यांचा लॅब ८० तर अफ्रोर्मोशिया लाकडाचा टोनआर्म घेऊन आला.

त्याच गॅरार्डचं ३०१ हे हाताने चालवायचं टर्नटेबल आज लाखाच्या पुढे विकलं जातं. त्याच कारखान्यातला चेंजर मात्र "नको रे बाबा".

माझं म्हणणं असं: रेकॉर्ड बिघडवते ती झिजलेली सुई आणि तिच्यावरचं जास्तीचं वजन. सफायरची सुई चाळीस-पन्नास तासांत टेकीला येते, आणि आपल्याकडे ती वर्षानुवर्षं बदललीच जायची नाही. तीच सुई हाताने ठेवण्याच्या साध्या प्लेअरमध्ये लावली तरी खाचा तितक्याच खरवडल्या जातात. पण प्लेअरला कुणी नाव ठेवत नाही, चेंजरला ठेवतात.

तुमचे अनुभव लिहा. विरोधातले जास्त लिहा.

*

सुरपेटी (जळगाव)

तापीकाठ, धागा चांगला काढलात, आणि विरोधातलं मागितलंत म्हणून लिहिते.

मी शास्त्रीय ऐकते. एलपीच्या एका बाजूला एक राग, वीस-बावीस मिनिटं. तो संपल्यावर मला उलट बाजू ऐकायची असते, किंवा दोन मिनिटं शांत बसायचं असतं. चेंजर काय करतो? यमन संपून त्याचा ठसा जायच्या आत दुसऱ्या कुणाचा तरी तोडी धाडकन आणून ठेवतो. आमच्या ऐकण्याला हे यंत्र मुळातच सोयीचं नाही.

आता यंत्राबद्दल. तुम्ही सुईवर सगळं ढकललंत, पण दोन दोष चेंजरचे स्वतःचेच आहेत. थप्पी वाढत गेली की वरची रेकॉर्ड खालच्या रेकॉर्डवर फिरते, थाळीवरच्या रबरावर नाही. जरा वाकडी असली की घसरते आणि सूर हलतो. तंबोऱ्याचा सूर हललेला कानाला लगेच टोचतो, सिनेमातल्या गाण्यात तो एकवेळ खपून जातो. आणि दुसरं, थप्पी उंच झाली की टोनआर्म वर चढतो आणि सुई रेकॉर्डला वेगळ्याच कोनातून टेकते. सहा एलपी म्हणजे सेंटिमीटरभर उंची आलीच. आठ इंची हाताला तीन अंशांचा फरक पडतो. तुम्ही म्हणता तो १२१९चा खटकाही एकाच मधल्या उंचीसाठी असणार, पहिल्या आणि सहाव्या रेकॉर्डला तो सारखा लागू पडणार नाही.

जळगावची धूळ वेगळी सांगायला नको. जिनिंगच्या बाजूला राहिलेल्यांना विचारा, हंगामात कापसाचं रूं घरभर तरंगत असतं. ते दोन रेकॉर्डच्या मध्ये बसतं आणि वरून सुई फिरत असताना खाली दाबलं जातं.

*

चिमणराव_नाही (धुळे)

भाऊ, धागा एक नंबर शे. मना आजाना घरमा असाच पेटारा व्हता, वरनं झाकण उघडं की हिरवा डोळा लागे. आते तो कथा गया देव जाने.

वाचतोय.

*

पाना_पक्कड (अमळनेर)

दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या चेंजरपैकी बहुतेकांची तक्रार एकच: "हात मध्येच अडकतो" किंवा "रेकॉर्ड संपली तरी उचलत नाही". मालकाला वाटतं आतलं काहीतरी तुटलंय. तुटलेलं जवळजवळ कधीच नसतं. कारखान्यात लावलेलं ग्रीस साठ वर्षांत सुकून डिंकासारखं झालेलं असतं.

थाळी काढली की खाली एक मोठं दातेरी चक्र दिसतं. त्याच्या कडेला एका ठिकाणी दात नसतात. वाजत असताना ती मोकळी जागा थाळीच्या मधल्या छोट्या दातेरी चाकासमोर येऊन थांबलेली असते, त्यामुळे थाळी फिरते पण चक्र हलत नाही. आता गंमत बघा. चक्रावर एक पातळ पत्र्याची जीभ असते, तिला आम्ही ट्रिप म्हणतो. टोनआर्म आत सरकतो तसा तो या जिभेला थोडं थोडं मध्याकडे ढकलतो, आणि थाळीच्या तुंब्यावरचं एक छोटं टोक दर फेऱ्याला तिला परत मागे सारतं. गाणं चालू असताना हात एका फेऱ्यात केसाएवढाच सरकतो, म्हणून हे ढकलणं-सारणं बिनबोभाट चालू राहतं. गाणं संपून सुई शेवटच्या मोठ्या पेचाच्या खाचेत गेली की हात एकाच फेऱ्यात काही मिलिमीटर उडी मारतो. जीभ जास्त आत जाते, थाळीचं टोक तिला मागे सारण्याऐवजी अडकून ओढतं, चक्राला धक्का बसतो, दात दातांत बसतात आणि चक्राचा एक पूर्ण फेरा सुरू होतो. त्या एका फेऱ्यात हात उचलणं, बाहेर नेणं, रेकॉर्ड पाडणं, परत आणून टेकवणं, सगळं होतं. यात एकही तार नाही, सेन्सर नाही.

आता ती जीभ चिकट झाली तर? टोनआर्मला ती ढकलायला जोर लागतो. तो जोर सुई खाचेच्या भिंतीवर रेटून काढते. रेकॉर्ड शेवटी शेवटी खरखरते किंवा सुई उडी मारते त्याचं हे कारण. म्हणजे तापीकाठ भाऊ, सुईइतकाच गुन्हेगार सुकलेला ग्रीस आहे. चेंजर रेकॉर्ड खातो ही तक्रार खोटी नाही, पण ती न साफ केलेल्या चेंजरची आहे.

साफसफाई अशी: जुना ग्रीस रॉकेलने किंवा पेट्रोलने पूर्ण काढायचा, कोरडं करायचं, सरकत्या भागांना पांढरा लिथियम ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढा. मोटरच्या बुशांना शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब. ट्रिपच्या जिभेला काहीही लावायचं नाही, ती कोरडीच चालायला बनवलेली आहे. लोक नेमकं तिथेच तेल सोडतात. खोबरेल तेल तर कुठेच नको, ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकटतं. मोटरचा फिरवेग थाळीला पोचवणाऱ्या रबरी आयडलर चाकाला पेट्रोल लावू नका, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा.

*

तापीकाठ

पाना_पक्कड दादा, दंडवत. हे इतकं स्वच्छ मराठीत कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

सुरपेटी ताई, तुमचा ऐकण्याचा मुद्दा मान्य, पण तो रुचीचा आहे, यंत्राच्या दर्जाचा नाही. ईपी, म्हणजे छोट्या रेकॉर्ड घ्या. एका बाजूला दोन गाणी, सहा-सात मिनिटं. भावगीतांचे पाच-सहा ईपी लावून ठेवले की अर्धा-पाऊण तास स्वयंपाक होईपर्यंत उठायला नको. आमच्या घरी आई भरीत करत असताना हेच चालायचं. चेंजर त्यासाठीच आहे.

घसरण्याबद्दल: यावर उपाय रेकॉर्ड बनवणाऱ्यांनीच केले होते. एलपीची कड आणि लेबलजवळचा भाग जरा उंच असतो, हात फिरवून बघा. आरसीएने १९५५च्या सुमारास ही रचना आणली, दोन रेकॉर्डच्या खाचा एकमेकींना टेकू नयेत म्हणून. पुष्कळ ४५ रेकॉर्डच्या लेबलभोवती बारीक दाते असतात, ते एकमेकींत अडकून वरची घसरू नये यासाठी. म्हणजे रेकॉर्ड एकमेकींवर घासतात ही भीती शेलॅकच्या काळातून आलेली आहे, विनाइलच्या (प्लॅस्टिकच्या) एलपी-४५ला ती तेवढी लागू नाही. पडण्याचंही तसंच, दोन रेकॉर्डच्या मधली हवा दबत जाते आणि एलपी बऱ्यापैकी अलगद उतरते. तुमचा कापसाच्या रुंचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्यावर चेंजरकडे उत्तर नाही, झाकण लावून वाजवणं एवढंच.

कोनाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. १२१९ला थप्पीच्या मध्यावर कोन जुळवलेला आहे. पर्पेटुम-एब्नरच्या काही मॉडेलमध्ये कोन वेगळा जुळवता येतो, तोही एका रेकॉर्डपुरता. ज्याला काटेकोर ऐकायचं आहे त्याने याच यंत्रांवर छोटी दांडी लावून एकेक रेकॉर्ड वाजवावी. ती दांडी यंत्रासोबतच मिळायची. मग ते चांगलं टर्नटेबलच आहे, वर शेवटी हात आपोआप उचलला जातो हा फायदा. डुलकी लागली तर सुई रात्रभर आतल्या खाचेत फिरत बसत नाही.

*

हार्मोनियम_मास्तर (चोपडा)

एक महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही. हल्ली अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांकडून किंवा ऑनलाइन मागवून तिकडचे चेंजर येतात. नुसता ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. त्यांची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. या मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. परिणाम, ३३⅓ची थाळी २८च्या आत फिरते आणि ७८ची ६५वर.

कानाला काय ऐकू येतं ते सांगतो. सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच खाली येतो. पेटीच्या पांढरी चार पट्टीत गायलेलं गाणं पांढरी दोनच्याही जरा खाली लागतं आणि बाई पुरुषासारख्या जड आवाजात गातात. लोक म्हणतात "जुना चेंजर आहे, वेग गेलाय". वेग गेलेला नाही, मोटरच्या दांड्यावरची पायऱ्यांची पुली ६० हर्ट्झची आहे. ५० हर्ट्झची पुली व्यासाने मोठी असते. ड्युअल आणि गॅरार्ड दोघांच्या दोन्ही पुल्या बनत होत्या, शोधल्या तर मिळतात. खराद काम चांगलं करणारा कुणी असेल तर पितळेची बनवूनही घेता येते, पण मापातल्या बारीक फरकानेही वेग बदलतो, तेव्हा माप देताना काळजी घ्या.

*

केळीची_बाग (रावेर)

व्होल्टेजवर लिहितो. आमच्याकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावठाणात १७० व्होल्ट. अशा वेळी चेंजर हमखास मधेच थांबतो, हात हवेत लटकतो. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. २३०चे १७० झाले की जोर निम्म्याच्या जवळ येतो. वाजवताना थाळी फिरत राहते, कारण फिरत्या थाळीला जोर कमी लागतो. पण रेकॉर्ड बदलण्याच्या फेऱ्यात हात उचलायचा, थप्पी ढकलायची, तेव्हाच सगळा भार येतो. ग्रीस सुकलेला असेल तर विचारूच नका.

चांगला स्टॅबिलायझर लावला की निम्म्या तक्रारी जातात. ही यंत्रं इंग्लंड-जर्मनीत स्थिर विजेवर चालायला बनलेली, आपल्या फीडरवर तीच यंत्रं "कुचकामी" ठरली. यात त्यांचा काय दोष?

*

रेल्वे_क्वार्टर (भुसावळ)

उन्हाळ्याचंही तेच. भुसावळचा मे महिना ४५ अंशांचा, पत्र्याखालची खोली त्याहून तापलेली, त्यात रेडिओग्राममधल्या व्हॉल्व्हची ऊब. जुन्या पिकअपमध्ये (म्हणजे सुईच्या कार्ट्रिजमध्ये) रोशेल सॉल्टचा स्फटिक असायचा. तो ५५ अंशांच्या आसपास कायमचा निकामी होतो, दमट हवेतही बिघडतो. आवाज आधी बारीक होतो, मग चिरका, मग जातोच. मग घरातले काय करायचे? आवाज येत नाही म्हणून हातावर वजन ठेवायचे. आमच्या कॉलनीत एका घरी टोनआर्मच्या टोकाला तांब्याचा ढब्बू पैसा दोऱ्याने बांधलेला मी लहानपणी स्वतः पाहिला आहे. त्या घरच्या ७८ आणि एलपी दोन्ही पांढऱ्या पडल्या होत्या. आणि सगळे म्हणायचे, चेंजरने खाल्ल्या.

सिरॅमिक कार्ट्रिज आल्यावर हा प्रश्न बराच सुटला, त्याला उष्णतेचा एवढा त्रास नाही.

रेकॉर्ड वाकण्याचं मात्र सुरपेटी ताई म्हणतात ते आपल्याकडे जास्त खरं. उन्हाळ्यात थप्पी दांडीवर चढवून तशीच ठेवून दिली तर कडा खाली लोंबतात. वाजवून झाल्या की काढून कव्हरमध्ये उभ्या ठेवायच्या, हे पाळलंच पाहिजे.

*

मिलचाळ (अमळनेर)

अवांतर, पण सांगावंसं वाटतं. मिलमधल्या एका साहेबांच्या घरातून आमच्याकडे ऑपेराच्या तीन रेकॉर्डचा संच आला होता. त्यावर बाजूंचे आकडे विचित्र: पहिल्या रेकॉर्डवर १ आणि ६, दुसरीवर २ आणि ५, तिसरीवर ३ आणि ४. आम्हाला छपाईची चूक वाटायची. ती चेंजरसाठीची मांडणी आहे. थप्पी लावली की १, २, ३ ओळीने वाजतात, मग सगळी थप्पी तशीच उचलून उलटी करायची आणि परत दांडीवर घालायची, की ४, ५, ६. साध्या प्लेअरवर हा संच वाजवताना सारखी रेकॉर्ड बदलावी लागते.

*

सुरपेटी

मिलचाळ, हे फार सुंदर. माझ्याकडच्या एका संचाचे आकडे आत्ता लागले.

तापीकाठ, तुमचा एकेक रेकॉर्ड वाजवण्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण मग ते चेंजरचं कौतुक नाही, चेंजर न वापरण्याचं आहे. १९७०च्या दशकात लोक जपानी सिंगल टर्नटेबलकडे वळले ते उगाच नाही. एकावेळी एकच रेकॉर्ड, हलका हात, बेल्ट नाहीतर डायरेक्ट ड्राइव्ह, खालून येणारी घरघर कमी. आयडलर चाकाच्या यंत्रात मोटरची थरथर रबरामार्फत थाळीला पोचतेच. तंबोरा चालू असताना मला ती ऐकू येते. शास्त्रीय ऐकणाऱ्याला मी चेंजर घ्या असं सांगणार नाही.

*

पाना_पक्कड

सुरपेटी ताई, थरथर येते हे खरं, पण ती किती येते हे रबराच्या स्थितीवर आहे. यंत्र बंद करताना खटका पूर्ण 'बंद'वर नेला नाही तर आयडलर मोटरच्या दांड्याला दाबून राहतो आणि रबराला तिथे खळगा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला धप-धप. रबर गुळगुळीत कडक झालं तर थरथर वाढते. नवीन रबर चढवून, मोटरच्या स्प्रिंगा आणि रबरी गादीचे वॉशर बदलून एखादा ड्युअल ऐका, मग बोलू. चांगल्या बेल्ट ड्राइव्हइतका तो शांत होत नाही, हेही सांगतो. पण आयडलरची वेगावरची पक्की पकड मला आवडते. तबल्याची थाप ठसठशीत येते.

लोक सिंगल टर्नटेबलकडे वळले त्यामागे कॅसेटही होती. दीड तास गाणी हवी असतील तर नव्वद मिनिटांची कॅसेट लावायची आणि मध्ये एकदाच उलटायची की झालं. चेंजरचं मुख्य कामच तिने घेतलं. १९८२मध्ये ड्युअलचं दिवाळं निघालं ते दर्जा खालावला म्हणून नव्हे.

*

शिरपूरची_लेक (शिरपूर)

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझा प्रत्यक्ष प्रश्न आहे. वडिलांचा जर्मन रेडिओग्राम धुळ्याच्या घरी पडून आहे, आत ड्युअल चेंजर आहे, नंबर १००९. थाळी फिरते. टोनआर्म उचलून ठेवला तर आवाजही येतो. पण ऑटोमॅटिक बटण दाबलं की हात उठतो, थोडा बाहेर जातो आणि कधी रेकॉर्डच्या बाहेरच उतरतो, कधी मध्यावर. घर रिकामं करायचं आहे आणि भाऊ म्हणतो देऊन टाकू. ठेवण्यासारखा आहे का? आणि शिरपूरला आणायचा कसा?

*

तापीकाठ

ताई, कृपा करून देऊ नका. १००९ हे १०१९च्या आधीचं मॉडेल, साठच्या दशकातलं, ड्युअलला नाव मिळवून देणाऱ्यांपैकी एक. मॅग्नेटिक कार्ट्रिज त्याच्यावर नीट चालतं. तुम्ही सांगता ती लक्षणं किरकोळ वाटतात. पाना_पक्कड दादा जास्त नेमकं सांगतील.

*

पाना_पक्कड

शिरपूर ताई, हात कुठेही उतरतो हे ड्युअलचं जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. खालच्या मुख्य पट्टीवर एका खिळ्याच्या टोकाला एक इवलीशी रबरी टोपी बसवलेली असते, जर्मन लोक तिला श्टॉयरपिंपेल म्हणतात. हात बाहेर नेताना त्या टोपीच्या घर्षणाने तो ढकलला जातो. जुनं झालं की तिचा भुगा होतो, मग हाताला कुठे थांबायचं ते कळत नाही. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी किंवा तारेवरचं सिलिकॉनचं आवरण मापाने कापून बसवलं की चालतं. तिची उंची स्क्रूने जुळवायची असते, म्हणून घाई नको. टोपी बदलल्यावरच उतरण्याची जागा जुळवण्याचा स्क्रू फिरवा, आधी नाही. नाहीतर दोन्ही बिघडतील.

त्याच वेळी सगळा ग्रीस काढून घ्या, आणि सुई नवीन घ्या. जुन्या सुईने एकही रेकॉर्ड वाजवू नका, वडिलांच्या संग्रहातली तर अजिबात नाही.

आणायचं असं. आधी थाळीवरची रेकॉर्ड आणि मधली दांडी काढा, दांडी वेगळी कागदात गुंडाळा, ती हरवली तर मिळायला फार त्रास आहे. थाळीच्या मधली कडी काढून थाळी उचलून घ्या, ती जड आहे, प्रवासात उसळली तर बेअरिंग जातं. टोनआर्म त्याच्या टेकूला सुती दोऱ्याने बांधा, चिकटपट्टी नको, ती रंग उपटते. टोनआर्मचं मागचं वजन निघत असेल तर काढा. चेंजर स्प्रिंगांवर तरंगतो, त्याला प्रवासासाठीचे दोन स्क्रू असतात, ते घट्ट करा म्हणजे तो हलणार नाही. रेडिओग्राम टेम्पोत उभाच ठेवा, आडवा नको. एसटीच्या टपावर टाकू नका, नरडाण्यापर्यंतचे खड्डे सगळं खिळखिळं करतील.

*

शिरपूरची_लेक

दादा, खूप आभार. भावाला सांगितलं, तो टेम्पो घेऊन येतोय. दांडी सापडली, रेडिओग्रामच्या खालच्या कप्प्यात होती, आणि तिच्याशेजारी एक आखूड दांडीही आहे. तीच ती एकेक रेकॉर्ड वाजवायची ना?

*

पाना_पक्कड

तीच. दोन्ही एकत्र असणं म्हणजे नशीब. आखूडचीच आधी सवय करा. अमळनेरला येणं झालं तर टोपीचं माप मी काढून देतो.